सलाम आधी कोणी करायचा

बेइशेन बायके चालताना वर बघायचे. बावीस वर्षं ट्रॉलीबसच्या तारा जोडल्या, त्यात मान तशीच राहिली. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, आमच्या गल्लीतल्या ताराही उतरवल्या गेल्या, तरी हा माणूस आभाळात काही तुटलंय का ते तपासत फिरायचा. अंगणातल्या प्रत्येक कुत्र्याच्या शेपटीवर त्यांचा पाय एकदा तरी पडलाय. तुर्दाकुन बायके त्याच दुरुस्तीच्या गाडीचे ड्रायव्हर. त्यांना खड्डे बघायची सवय, म्हणून ते खाली बघत चालतात. एक वर बघणार, एक खाली. दोघं एकाच इमारतीत, शेजारशेजारच्या जिन्यांत, आणि नऊ वर्षं एकमेकांशी चकार शब्द नाही.

मी त्या इमारतीची कारभारीण, झुरा. मला कोणी निवडून दिलेलं नाही. सभेला बाकी कोणी आलं नाही, मी गेले, म्हणून मी कारभारीण. पाइप फुटला की लोकांना माझी आठवण येते. हे दोघं माझ्याहून चांगले बारा वर्षांनी मोठे, तेव्हा माझे दोघंही बायके, थोरले भाऊ. त्या दोघांत थोरला कोण, हाच सगळा वांधा.

बेइशेन बायके आत-बाशीकडचे. सतराव्या वर्षी एक घोंगडं आणि वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी घेऊन बिश्केकला आले आणि थेट डेपोत चिकटले. तुर्दाकुन बायके तलासकडचे, ते त्याच वर्षी आले. पुढे बेइशेन शिडीच्या टोकावर आणि तुर्दाकुन खाली स्टिअरिंगवर, अशी जोडी जमली. एकदा तारेत वीज नाही असं सांगितलेलं असताना वीज होती. बेइशेन बायके वरून फेकले गेले. तुर्दाकुन तेव्हा गाडीतून खाली उतरून सिगरेट ओढत उभे होते, त्यांनी हात पसरून झेललं. बेइशेनला खरचटलंही नाही, झेलणाऱ्याचं गळ्याचं हाड मोडलं. ते वाकडं बसलं, म्हणून तुर्दाकुन बायकेंचा डावा खांदा आजही उजव्यापेक्षा खाली असतो.

अशा माणसांत भांडण होण्यासाठी काहीतरी मोठं कारण लागतं, असं तुम्हाला वाटेल. छे. एक हाड पुरलं.

दोघांच्या पासपोर्टावर जन्मतारीख एकच आहे, एक जानेवारी. गावच्या कारकुनाला आठवत नसेल तेव्हा तो एक जानेवारी लिहायचा. एकाची आई सांगायची, तू खिंडीत पहिला बर्फ पडला तेव्हा झालास. दुसऱ्याची सांगायची, मेंढ्यांची दुसरी कातरणी चालली होती तेव्हा झालास. वर्ष तेच, हंगाम तोच, गावं दोन टोकांना. आता कोण आधी, हे त्या मेंढ्याच सांगू शकल्या असत्या, आणि त्या केव्हाच खाऊन झाल्या. इतक्या वर्षांत याची गरजही पडली नव्हती. ते एकमेकांना कुर्दाश म्हणायचे. बरोबरीचा. कुर्दाशाला शिवी दिली तरी चालते, त्याच्या टोपीत खडे टाकले तरी चालतात, आणि सलाम ज्याला आधी सुचेल त्यानं करायचा.

मग तुर्दाकुन बायकेंच्या नातवाला पाळण्यात घालायची मेजवानी झाली. वाढणारा कुठलासा नवा जावई होता, अति शिस्तीचा. जांबाश, म्हणजे मेंढीच्या खुब्याचं हाड, सगळ्यात थोरल्याला जातं. मेंढीला खुबे दोन असतात, पण आधी वाढायचा तो एकच. जावयानं विचारलं, तुमच्यात थोरले कोण? तुर्दाकुन म्हणाले, "मी. वीस दिवसांनी." बेइशेनना वाटलं, कुर्दाश थट्टा करतोय. ते हसत राहिले. तोवर तुर्दाकुननी हाड उचललं आणि दात लावला.

धाकट्यानं थोरल्याला आधी सलाम करायचा, हे आमच्याकडे मूल चालायला लागायच्या आधी शिकतं. दुसऱ्या दिवशी अंगणात बेइशेन थांबले, तुर्दाकुन थांबले. आज सलाम केला तर आपण वीस दिवसांनी लहान ठरणार, हे दोघांच्याही डोक्यात शिरलं. दोघंही पुढे गेले. असं नऊ वर्षं चाललं. मधे बेइशेन बायकेंची बायको साबिरा वारली. तुर्दाकुन बायके दारातून मोठमोठ्यानं रडत आले, बेइशेनच्या गळ्यात पडले, दोघं ढसाढसा रडले. मयताच्या घरी सलाम करत नाहीत, म्हणून तेवढं जमलं. चाळिसावा दिवस झाला आणि पुन्हा दोघं मुके. माझ्या मते दोघांच्याही कानाखाली एकेक ठेवून द्यायला हवी होती, पण मी बारा वर्षांनी लहान.

आता त्या बाकाकडे येते.

गेल्या सप्टेंबरात एका संस्थेची माणसं आली. अंगणं ऊबदार करणारी कसलीशी योजना होती. त्यांची कलाकार आइझिरेक नावाची मुलगी, परदेशात शिकून आलेली, केस एका बाजूनं भादरलेले. शहरातली माणसं एकमेकांपासून तुटली आहेत, असं तिनं मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, बाई गं, दुसऱ्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर काल काय शिजलं ते मला माहीत आहे, आणि ते का करपलं तेही. तिनं ते वहीत लिहून घेतलं. या लोकांना काही सांगायची सोय नाही, लगेच लिहून घेतात.

आमचं फळ्यांचं जुनं बाक आणि डॉमिनोचं टेबल त्यांनी उखडून नेलं. कुरूप आहे म्हणाले. त्या बाकावर रोज भांडणं व्हायची, म्हणजे माणसं रोज एकमेकांशी बोलायची, पण ते त्यांच्या वहीत बसलं नसावं. त्या जागी त्यांनी अकरा पावलं लांब, निळंपिवळं, गुळगुळीत असं एक धूड आणून बसवलं. दोन टोकांना बसायला जागा आणि मधोमध डोक्याएवढं उंच वशिंड. तो पर्वत होता म्हणे. त्या वशिंडामुळे या टोकाच्या माणसाला त्या टोकाचा माणूस दिसत नाही. माणसं जवळ आणणारं बाक, आणि बसल्यावर माणूस दिसत नाही. मी विचारलं तर आइझिरेक म्हणाली, "त्यानं कुतूहल वाढतं, एजे." एजे म्हणजे थोरली बहीण.

खरी करामत पुढेच होती. दोन्ही टोकांना कोणी बसलं की वशिंडातल्या भोकांतून आवाज यायचा, "अस्सलामु अलेकुम." कुठल्याशा नाटकातल्या म्हाताऱ्याचा खर्जातला आवाज भरून ठेवला होता. माणसं लाजतात, म्हणून त्यांच्या वतीनं पहिला सलाम कला करणार, अशी ती कल्पना.

कल्पना चांगली, डोकं कुठे होतं? हा सलाम पुरुष पुरुषांना करतात. बायका एकमेकींना सलामत्सिझबी म्हणतात. आम्ही दोघी पिशव्या घेऊन दोन टोकांना टेकलो की हे धूड आम्हाला पुरुषासारखा सलाम ठोकायचं. पुन्हा सलामाचं उत्तर न देणं पाप. तिसऱ्या मजल्यावरच्या बुर्माकान एजे भाविक बाई, त्या दर खेपेला बाकाला "व अलेकुम अस्सलाम" म्हणायच्या आणि शेवटी दमून घरातच बसायला लागल्या. दोन कुत्री दोन टोकांना पहुडली की त्यांनाही सलाम. जानेवारीत दोन्ही टोकांना बर्फ साचला आणि बाक अख्खा दिवस बर्फाला सलाम करत राहिलं. तेव्हा मी आइझिरेककडून वशिंडामागच्या झाकणाची किल्ली मागून घेतली आणि यंत्र बंद केलं. बाक मेलं, असं अंगणात सगळीकडे झालं. मी कोणाला खुलासा केला नाही. मेलं म्हटलं की लोक तक्रार करत नाहीत.

बेइशेन बायके त्या बाकाकडे बाक बोलत असताना कधी फिरकले नाहीत. मेल्यावर मात्र रोज सकाळी जाऊन बसायचे. तेवढीच अंगणात टेकायला जागा उरली होती.

एप्रिलमध्ये त्यांची मुलगी गुलसाना काराकोलहून आली. वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जिन्यात दोनदा पडले होते. रविवारी घेऊन जाते म्हणाली, कायमचंच. बेइशेन बायके घराची कुठली किल्ली कशाची ते दाखवायला माझ्याकडे आले आणि चहाला थांबले. बराच वेळ कपाकडे बघत होते, ते वर बघत नाहीत म्हणून मला धसका बसला.

"झुरा, एकच राहिलं," ते म्हणाले. "त्यानं एकदा सलाम करावा. मी मेल्यावर तो येणार, मला माहीत आहे. साबिराच्या वेळी आला तसा रडत येणार. पण तेव्हा उत्तर द्यायला मी कुठे असेन?"

मी म्हटलं, तुम्हीच करून टाका की. काय जातंय?

"नऊ वर्षं जातायत," ते म्हणाले.

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. असल्या माणसांसाठी काय करायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता संस्थेचे साहेब चित्रीकरण करायला येणार, असा आइझिरेकचा फोन आला. बाक चालतंय ना, तिनं विचारलं. मी सकाळी आठला जाऊन झाकण उघडलं, यंत्र सुरू केलं आणि आवाज अगदी बारीक ठेवला, कारण बुर्माकान एजेंची खिडकी वरच आहे. मग फोनवर सांगितलं, चालू आहे. मग मी माझ्या तळमजल्यावरच्या खिडकीत गालिचा झटकायला घेतला.

नऊच्या सुमाराला बेइशेन बायके आले, नेहमीसारखे वर बघत, आणि या टोकाला बसले. थोड्या वेळानं त्या बाजूनं तुर्दाकुन बायके आले. ते नानची पिशवी घेऊन घरी निघाले होते, बुटाची नाडी सुटली म्हणून दुसऱ्या टोकाला टेकले. वशिंडामुळे यांना ते दिसले नाहीत, त्यांना हे दिसले नाहीत. माझ्या मात्र ध्यानात आलं आणि गालिचा हातातून सुटला. मी ओरडणार, एवढ्यात बाक बोललं. आवाज बारीक केला होता, त्यामुळे तो नाटकातला राहिला नव्हता. एखादा म्हातारा मनाविरुद्ध, ओठांतल्या ओठांत बोलावा तसा आला. "अस्सलामु अलेकुम."

अंगणात कोणीच हललं नाही. मग बेइशेन बायके उठले. त्यांनी डोक्यावरचा पांढरा कल्पाक नीट केला आणि वशिंडाकडे तोंड करून म्हणाले, "व अलेकुम अस्सलाम." त्याच क्षणी पलीकडूनही तेच आलं, "व अलेकुम अस्सलाम."

दोघंही वशिंडाला वळसा घालून निघाले. एक वर बघत, एक खाली बघत. आणि वळणावर आपटले. नान मातीत पडला. तुर्दाकुन बायकेंनी तो उचलला, कपाळाला लावला, फुंकला.

"अजून वरच बघतोस का रे, गाढवा?"

"तू खाली बघतोस ना? मग माझा पाय दिसला नाही तुला?"

मग दोघांनी दोन्ही हातांनी एकमेकांचे हात धरले आणि सोडलेच नाहीत. एकाच टोकाला दाटीवाटीनं बसले. मी गालिचा उचलायचं सोडून खिडकीत रडत होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते स्वच्छ होतं: यांना वाटतंय सलाम त्यानं केला, त्यांना वाटतंय यानं केला, दोघंही जिंकले, आणि सलाम केला एका प्लॅस्टिकच्या वशिंडानं. हे यांना कळलं तर रविवारपर्यंत दोघं पुन्हा मुके, आणि रविवारनंतर कायमचेच.

अकराला गाडी आली. घट्ट कोटातले साहेब, कॅमेरावाला, आइझिरेक. दोघं म्हातारे अजून तिथेच, थर्मासमधला चहा आणि तो मातीतला नान वाटून खात बसलेले. आइझिरेकला आनंद मावेना. असंच हवं होतं मला, ती साहेबांना म्हणाली, आणि म्हाताऱ्यांना विनवायला लागली की एक जण इकडे, एक जण तिकडे बसा, म्हणजे बाक बोलेल.

मी म्हटलं, थांबा, झाकणाखाली ओल आली असेल, पुसून देते. मागे गेले, किल्ली फिरवली, यंत्र बंद केलं. म्हातारे दोन टोकांना बसले. कॅमेरा सुरू झाला. बाक गप्प. साहेबांनी घड्याळ बघितलं. आइझिरेक उठून वशिंडावर टकटक करून आली. बाक गप्प.

"एजे, सकाळी चालू होतं म्हणालात ना?"

"मेलं असेल," मी म्हटलं. "जानेवारीपासून असंच आहे त्याचं."

साहेबांनी विचारलं, या बाकामुळे इथल्या कोणा दोन माणसांचा संबंध सुधारला का? मी म्हटलं, नाही. एकाचाही नाही. आम्ही बाजारातल्या पिशव्या ठेवतो त्याच्यावर. साहेबांनी मान हलवली आणि सोमवारी उचलून न्यायला सांगितलं. पोरीचे डोळे भरून आले. तिच्या त्या धुडानं जन्मात एकच काम धड केलं होतं, दोन तासांपूर्वी, त्याची साक्षीदार मी एकटी, आणि मीच तोंड शिवून उभी. मला तिची कीव आली नाही, असं लिहायला मला आवडलं असतं.

रविवारी सकाळी गुलसानानं गाडीत बोचकी भरली. जिन्यातले सगळे खाली आले. बुर्माकान एजेंनी तळलेल्या बोर्सोकची, पिठाच्या गोळ्यांची, पिशवी दिली. तुर्दाकुन बायकेंनी स्वतः बॅग उचलली, त्या वाकड्या खांद्यावर, कोणाचं ऐकेनात. बेइशेन बायके गाडीत बसले. काच खाली केली. वर बघितलं नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"अस्सलामु अलेकुम, बायके."

निघताना सलाम करत नाहीत, तो भेटल्यावर करतात. पण कोणी हसलं नाही. सगळ्या अंगणाला ती नऊ वर्षं माहीत होती. मला काही उमगेना. ज्याला गुरुवारी सलाम मिळाला, तो आज आपणहून धाकटा का होतोय? आणि भीती वाटली की हा तुर्दाकुन आता थोरलेपणानं मान डोलावणार, हाड उचललं तसं हेही उचलणार.

तुर्दाकुन बायकेंनी दोन्ही हात छातीवर ठेवले.

"व अलेकुम अस्सलाम, कुर्दाश," ते म्हणाले.

गाडी गेली. लोक पांगले. तुर्दाकुन बायके बाकाच्या टोकाला जाऊन बसले आणि त्यांनी मला हाक मारली.

"गुरुवारी तू किल्ली फिरवलीस ना? मी बघितलं."

मी पदरानं बाकावरची धूळ झटकायला लागले.

"बावीस वर्षं तो वर शिडीवर आणि मी खाली. त्याच्या आवाजावर गाडी हलवायचो मी. पुढे, थांब, मागे. त्याचा आवाज मला कळणार नाही?"

"मग उत्तर का दिलंत?"

"सलाम झाला की उत्तर द्यायचं, झुरा. कोणी केला ते बघत बसलो, त्यातच तर नऊ वर्षं गेली." त्यांनी नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "मला वाटलं, त्याला कळलेलं नाही. वाटू दे म्हटलं त्याला मी केला म्हणून. त्यालाही कळलं होतं, ते आज कळलं. नाहीतर आज त्यानं आधी सलाम कशाला केला असता?"

म्हणजे ज्यांना काही कळू नये म्हणून मी खोटं बोलले, त्या दोघांनाही सगळं माहीत होतं. रडवली ती फक्त ती पोर. तिला फोन करावा असं रविवारभर मनात होतं. केला नाही. काय सांगणार होते, की तुझं बाक चाललं आणि मी त्याचा गळा दाबला?

तेवढं एक केलं, सोमवारी ट्रक यायच्या आधी जाऊन किल्ली फिरवून ठेवली. दोन हमाल आले, बाकाभोवती फिरले, वजनाचा अंदाज घेतला, आणि आधी सिगरेट ओढावी म्हणून दोन टोकांना बसले. बाकानं सलाम केला. पलीकडच्या हमालानं काडी ओढता ओढता, मान वर न करता, उत्तर दिलं.